नाव एकच, गेम वेगळा : जुने आणि परदेशी गेम आजच्या कन्सोलवर

'काँट्रा' हा गेम तीन ठिकाणी तीन रूपांत विकला गेला. अमेरिकेत १९८८ साली आलेल्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या कॅसेटमध्ये, दोन दणकट सैनिक होते. युरोपात तोच गेम 'प्रोबोटेक्टर' या नावाने आला आणि सैनिकांच्या जागी यंत्रमानव धावू लागले. जपानी कार्ट्रिजमध्ये माणसंच होती, पण टप्प्यांच्या मधे छोटी चित्रकथा होती, बर्फाच्या टप्प्यात खरोखर बर्फ पडत होता आणि जंगलातली झाडं वाऱ्यावर डुलत होती. आता हाच गेम आजच्या कन्सोलवर घ्यायला निघालात, तर यांतला कुठला पदरात पडणार?

जुन्या गेमच्या नादाला नव्याने लागलेल्यांचा बहुतेक गोंधळ या एका प्रश्नाभोवती असतो. बटणं, केबल, सेटिंग हे सगळं तासाभरात जमतं. नेमकं काय विकत घेतोय, हे मात्र पुष्कळांना पैसे गेल्यावर कळतं. म्हणून या लेखात आधी आवृत्ती, मग यंत्र आणि खातं, आणि शेवटी टीव्ही, कंट्रोलर, भाषा असा क्रम ठेवला आहे. इथे फक्त अधिकृतपणे पुन्हा निघालेल्या गेमबद्दल बोलायचं आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या फायली हा वेगळा विषय आणि वेगळी डोकेदुखी.

पायरी १ : पुन्हा काढलाय म्हणजे नेमकं काय केलंय?

दुकानातल्या पानावर 'क्लासिक परत आला' एवढंच लिहिलेलं असतं. त्यामागे चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात.

सगळ्यात सरळ प्रकार इम्युलेशनचा. मूळ गेमचा प्रोग्राम जसाच्या तसा ठेवतात आणि नव्या कन्सोलवर जुन्या यंत्राचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर तो चालवतं. मूळ गेममधल्या चुकासुद्धा यात टिकतात. एकाच वेळी पडद्यावर फार शत्रू आले की जुनं यंत्र दमायचं आणि गेम संथ व्हायचा, तो संथपणाही चांगल्या इम्युलेशनमध्ये उतरतो. गोळ्यांचा पाऊस पाडणाऱ्या जपानी शूटिंग गेममध्ये तर तो हवाच, कारण त्या क्षणभराच्या मंद गतीतूनच वाट काढता येते. जपानची एम टू ही कंपनी अशा बारकाव्यांसाठी नावाजलेली आहे.

दुसरा प्रकार पोर्टचा. यात गेम नव्या यंत्रासाठी नव्याने बांधतात. तिसरा रिमास्टर : सांगाडा जुना, चित्रं आणि आवाज घासूनपुसून नवे. चौथा रिमेक, म्हणजे कथा आणि पात्रं तीच, बाकी सगळं पहिल्यापासून.

एक उदाहरण लक्षात ठेवा. जपानमध्ये १९९५ साली सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या कन्सोलवर आलेला 'सेइकेन देन्सेत्सु ३' चोवीस वर्षं अधिकृतपणे इंग्रजीत आलाच नव्हता. २०१९ साली तो 'ट्रायल्स ऑफ माना' या नावाने 'कलेक्शन ऑफ माना' या संग्रहात आला, मूळ ठिपक्यांच्या चित्रांसह. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, त्याच नावाने पूर्ण त्रिमितीय रिमेक निघाला. म्हणजे नाव तेच आणि गेम दोन. ज्याला जुनी चित्रं हवीत त्याने संग्रह घ्यायचा. पानावरची छायाचित्रं न्याहाळली तर दहा सेकंदांत फरक कळतो, पण न्याहाळायला हवीत.

पायरी २ : आत कुठल्या देशाची आवृत्ती आहे?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिली भानगड वेगाची. अमेरिका आणि जपानमधले जुने टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करायचे, युरोपातले ५० वेळा. गेम लिहिले जायचे ६०च्या हिशोबाने. युरोपासाठी वेगळी मेहनत घेतली नाही, तर पूर्ण गेम सुमारे एक षष्ठांश मंद चालायचा, संगीतासकट. हा जुना इतिहास आहे असं समजू नका. २०१८ साली आलेल्या 'प्लेस्टेशन क्लासिक' या छोट्या कन्सोलमध्ये २० पैकी ९ गेम युरोपीय ५० हर्ट्झच्या आवृत्तीचे घातले होते आणि त्यावरून बरीच टीका झाली. मारामारीच्या 'टेकन ३'सारख्या गेममध्ये हा मंदपणा बोटांना लगेच जाणवतो. म्हणून वर्णनात '५० हर्ट्झ', '६० हर्ट्झ', 'पाल' (युरोपीय) किंवा 'एनटीएससी' (अमेरिकी-जपानी) असे शब्द दिसले तर थांबून वाचा. निवड करायची सोय असेल, तर नवख्याने डोळे मिटून ६० घ्यावं.

दुसरी भानगड आवाजाची. 'कॅसलवेनिया ३'च्या जपानी कार्ट्रिजमध्ये कोनामी कंपनीने व्हीआरसी ६ नावाची स्वतःची चिप बसवली होती. तिच्यामुळे फॅमिकॉमला, म्हणजे सुपर फॅमिकॉमच्या आधीच्या निन्टेंडो कन्सोलला, जादा स्वर मिळाले. त्याच कन्सोलच्या अमेरिकी रूपात कार्ट्रिजमधून आवाज आत घेण्याची ती व्यवस्था नव्हती, म्हणून तिकडच्या आवृत्तीत तेच संगीत रोडावलेलं ऐकू येतं. २०१९च्या 'कॅसलवेनिया अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये अपडेटनंतर दोन्ही आवृत्त्या आहेत. एकदा दोन्हींचं पहिल्या टप्प्याचं संगीत लागोपाठ ऐका. एकाच नावाच्या गेमसाठी एवढा खटाटोप कशाला, याचं उत्तर मिनिटभरात मिळेल.

तिसरी, आणि नवख्याच्या दृष्टीने सगळ्यात कामाची, काठिण्याची. जपानी गेम सोपे आणि अमेरिकी अवघड, असं बऱ्याच गेमच्या बाबतीत घडलं. अमेरिकेत गेम भाड्याने मिळायचे. दोन दिवसांत गेम संपला तर विकत कोण घेणार? 'काँट्रा : हार्ड कोअर'च्या अमेरिकी आवृत्तीत एक फटका बसला की जीव गेला. जपानी आवृत्तीत तीन फटके सोसता येतात आणि कितीही वेळा पुन्हा सुरुवात करता येते. 'निन्जा गायडन ३'चंही तसंच : अमेरिकेत पाठवताना मार वाढवला आणि पुन्हा खेळायच्या संधी मोजक्या ठेवल्या. तेव्हा संग्रहात आवृत्ती निवडता येत असेल, तर जपानी आवृत्तीपासून सुरुवात करा. यात कमीपणा नाही. मूळ गेम तोच होता.

उरली नावांची आणि आकड्यांची गंमत. 'फायनल फँटसी'चा सहावा भाग १९९४ साली अमेरिकेत 'तिसरा' म्हणून विकला गेला, चौथा 'दुसरा' म्हणून. मधले भाग तिकडे गेलेच नव्हते. आजच्या संग्रहांत मूळ जपानी क्रमांक असतात, पण जुन्या लेखांत अमेरिकी क्रमांक सापडतात. 'सुपर मारिओ ब्रदर्स २' तर दोन पूर्णपणे वेगळे गेम आहेत. १९८६चा जपानी दुसरा भाग फार अवघड म्हणून अमेरिकेत गेला नाही आणि तिकडे 'डोकी डोकी पॅनिक' नावाच्या दुसऱ्याच गेमला मारिओचे कपडे चढवून तो 'दुसरा भाग' म्हणून विकला. मूळ दुसरा भाग आता 'द लॉस्ट लेव्हल्स' म्हणून ओळखला जातो.

पायरी ३ : तुमचं यंत्र काय वाचतं?

इथे बातमी चांगली आहे. निन्टेंडो स्विच आणि स्विच २, प्लेस्टेशन ४ आणि ५, एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स यांच्यासाठी निघालेले गेम देशाच्या कुलुपात अडकत नाहीत. जपानी दुकानातून आणलेलं स्विचचं कार्ड इतरत्र घेतलेल्या स्विचमध्ये बिनतक्रार चालतं. पूर्वी असं नव्हतं. निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातात धरायच्या कन्सोलवर दुसऱ्या प्रदेशाचं कार्ड घातलं तर गेम सुरूच व्हायचा नाही. तेव्हा जुन्या सल्ल्यांत 'रीजन लॉक'ची भीती घातलेली असेल, तर तो सल्ला कुठल्या यंत्राबद्दल आहे ते आधी बघा.

अपवाद मात्र ठाऊक हवेत. प्लेस्टेशन ५ हे प्लेस्टेशन ४च्या डिस्क वाचतं. त्याआधीच्या तिन्ही पिढ्यांच्या डिस्क तिथे चालत नाहीत. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये मूळ एक्सबॉक्स आणि ३६०च्या निवडक डिस्क चालतात. त्या यादीत शेवटची मोठी भर नोव्हेंबर २०२१ मध्ये पडली. या जुन्या डिस्क फक्त किल्लीचं काम करतात, खरा गेम इंटरनेटवरून उतरतो. सिरीज एसला डिस्कची खाचच नाही, त्यामुळे तिथे हा विचार सोडून द्या.

स्विच २ जपानहून मागवणार असाल तर डोळ्यांत तेल घालून बघा. तिकडे एक स्वस्त मॉडेल मिळतं ज्यात यंत्राची भाषा फक्त जपानी आहे आणि ज्याला जपान हाच देश नोंदवलेलं खातंच जोडता येतं. सगळ्या भाषांचं मॉडेल वेगळं आहे.

परदेशी खोका हातात घेतल्यावर तीन गोष्टी बघा. पहिली, वयाच्या मानांकनाचं चिन्ह : सेरो म्हणजे जपान, ईएसआरबी म्हणजे उत्तर अमेरिका, पेगी म्हणजे युरोप. यावरून खोका कुठल्या बाजारासाठी छापलाय ते कळतं. दुसरी, मागच्या बाजूची भाषांची नोंद. खोका जपानी असला म्हणून आतला गेम फक्त जपानी असेलच असं नाही. पुष्कळ आधुनिक संग्रहांत यंत्राची भाषा बदलली की गेमची भाषा बदलते, आणि आशियाई बाजारासाठी छापलेल्या प्रतींत बहुतेकदा इंग्रजी असतं. तिसरी, कार्डात गेम आहे तरी का? स्विच २च्या काही खोक्यांत 'गेम की कार्ड' असतं. ते खाचेत घातल्यावर गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. जपून ठेवायला म्हणून जुन्या गेमची प्रत घेत असाल, तर हा फरक लहान नाही.

पायरी ४ : दुसऱ्या देशाचं खातं

खोका नको, डिजिटल प्रतच हवी आणि ती फक्त जपानच्या दुकानात आहे, असं झालं तर दुसरं खातं उघडायचं. निन्टेंडोवर हे असं करतात :

१. वेगळ्या ईमेलवर नवं निन्टेंडो खातं काढा आणि देश जपान निवडा. आहे त्याच खात्याचा देशही बदलता येतो, पण त्यात पैसे शिल्लक असतील तर बदल अडतो. सतत इकडून तिकडे उड्या मारण्यापेक्षा दोन खाती बरी.

२. कन्सोलवर नवा वापरकर्ता तयार करून त्याला हे खातं जोडा.

३. त्या वापरकर्त्याने दुकान उघडा. पानं जपानीत दिसतील. शोधताना गेमचं नाव जपानी लिपीत टाकलं तर हमखास सापडतं. नाव कुठून तरी कॉपी करून घ्या.

४. पैसे भरायला जपानचं प्रीपेड कार्ड लागेल. मार्च २०२५ पासून जपानी दुकान परदेशात काढलेली क्रेडिट कार्डं घेत नाही.

५. गेम उतरला की आपल्या नेहमीच्या वापरकर्त्यावर या आणि तिथूनच खेळा. त्या कन्सोलवरच्या बाकीच्या वापरकर्त्यांनाही तो चालतो, त्यामुळे तुमचं सेव्ह तुमच्याच नावावर राहतं.

प्लेस्टेशनवर एकदा निवडलेला देश बदलण्याची सोय नाही, म्हणून खातं काढतानाच नीट निवडा. तिथेही प्रीपेड कार्ड त्या त्या देशाचंच लागतं.

आता माझी फजिती सांगतो. एका शूटिंग गेमची जपानी प्रत मी हौसेने मागवली, आणि त्याचं जादा पात्र माझ्या रोजच्या खात्यातून विकत घेतलं. पैसे गेले, डाउनलोड झालं, गेममध्ये मात्र त्या पात्राचा पत्ता नाही. अर्धा दिवस मी यंत्र बंद-चालू करत बसलो. कारण साधं होतं : मूळ गेम ज्या प्रदेशाचा, जादा भागही त्याच प्रदेशाच्या दुकानातून घ्यावा लागतो. देशाचं कुलूप गेममधून गेलंय, जादा भागांमधून गेलेलं नाही.

वर्गणीच्या सेवेत तर याहून मोठी गंमत आहे. निन्टेंडो स्विच ऑनलाइनची वर्गणी कुठल्याही देशात भरलेली असली, तरी जपानी खात्याने जपानचं फॅमिकॉम किंवा सुपर फॅमिकॉमचं वेगळं अ‍ॅप उतरवता येतं आणि वर्गणी असलेल्या आपल्या खात्यावरून ते चालतं. जपानी अ‍ॅप्समधले आणि इतर देशांच्या अ‍ॅप्समधले गेम सारखे नाहीत. २००६ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेला 'मदर ३' फेब्रुवारी २०२४ मध्ये या सेवेत आला तो फक्त जपानमध्ये. त्याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर कधीच झालेलं नाही. याच मालिकेचा १९८९चा पहिला भाग मात्र 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज' नावाने इंग्रजीत मिळतो.

पायरी ५ : टीव्ही वठणीवर आणा

सगळ्यात आधी टीव्हीच्या मेनूत जाऊन 'गेम मोड' चालू करा. आजचे टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते थोडं उशिरा दाखवतात. सिनेमात ते कळत नाही. पण सेकंदाला ६० चित्रांच्या गेममध्ये एक चित्र म्हणजे जेमतेम १६.७ मिलिसेकंद, आणि टीव्हीने चार-पाच चित्रांचा उशीर केला की मारिओ खड्ड्यात. 'जुने गेम फारच अवघड असतात' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या टीव्हीवर गेम मोड बंद असतो, अशी माझी पक्की शंका आहे.

मग चित्राचा आकार. जुने गेम ४:३ पडद्यासाठी काढलेले. पूर्ण रुंद टीव्हीभर ते ताणले की पात्रं बुटकी आणि जाड दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. दोन मिनिटांनी त्या दिसेनाशा होतात.

आता थोडं गणित. फॅमिकॉमच्या चित्रात २४० ओळी असतात. १०८० ओळींच्या टीव्हीवर ते पूर्ण उंचीला भरायचं तर साडेचार पट करावं लागेल. पण अर्धी ओळ काढता येत नाही. मग काही ओळी चार जाडीच्या होतात, काही पाच, आणि पडदा सरकू लागला की चित्र लुकलुकतं. उपाय म्हणजे चारच पट करायचं, ९६० ओळी, आणि वरखाली थोडी काळी जागा सोडायची. मेनूत याला 'पिक्सेल परफेक्ट' किंवा तत्सम नाव असतं. ४के टीव्हीच्या २१६० ओळींत २४०चं चित्र बरोबर नऊ पट बसतं. पहिल्या स्विचचा स्वतःचा पडदा ७२० ओळींचा, म्हणजे नेमका तिप्पट. जुने गेम त्या छोट्या पडद्यावर रेखीव दिसतात ते यामुळेच.

पिक्सेल परफेक्टलाही एक खोच आहे. तेव्हाचा पिक्सेल चौरस नव्हताच. फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉमचा पिक्सेल जुन्या टीव्हीवर किंचित आडवा पसरायचा, साधारण ८:७ या प्रमाणात. चौरस पिक्सेलवर तेच चित्र थोडं सडपातळ होतं. चंद्र, चेंडू, चाक असं काही गोल पडद्यावर आलं की बघा : अंडाकृती दिसत असेल तर ४:३ची निवड करा. काही गेमच्या चित्रकारांनी हा फरक धरून चित्रं काढली, काहींनी धरला नाही. त्यामुळे सगळ्यांना एकच नियम लागू पडत नाही.

फिल्टरबद्दल भांडणं फार होतात. जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेषा दाखवणारा फिल्टर म्हणजे नुसतं सोंग, असं मलाही वाटायचं. मग १९९१च्या 'सॉनिक'मधले धबधबे नीट बघितले. ते उभ्या पट्ट्या-पट्ट्यांनी काढलेले आहेत. स्वच्छ पडद्यावर ते जाळीसारखे दिसतात. जुन्या टीव्हीच्या धूसर जोडणीत त्या पट्ट्या एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी पारदर्शक व्हायचं. चित्रकाराने टीव्हीचा दोष रंगासारखा वापरला होता. तेव्हा फिल्टर एकदा लावून बघा, नाही आवडला तर काढा. चित्र गुळगुळीत करणारा फिल्टर मात्र कधीच लावू नका. त्यात चेहऱ्यांचं मेण होतं.

पायरी ६ : कंट्रोलर

जुने द्विमितीय गेम अ‍ॅनालॉग काठीने खेळू नका, अधिक चिन्हाच्या आकाराचं दिशाबटण वापरा. काठी तिरकी सरकते आणि उडी चुकते. मूळ घडणीचे कंट्रोलर निन्टेंडो स्वतः विकतं. ते चांगले आहेत, पण पहिल्याच दिवशी घ्यायची गरज नाही.

जपानी गेममध्ये एक सापळा हमखास असतो. प्लेस्टेशनवर जपानमध्ये वर्तुळ म्हणजे 'होय' आणि फुली म्हणजे 'नको', बाकी जगात फुली म्हणजे 'होय'. प्लेस्टेशन ५ने यंत्राच्या मेनूत सगळीकडे फुलीच पक्की केली, पण जुने जपानी गेम आपल्याच हेक्याने चालतात. मेनूत शिरायला जाताय आणि सारखे बाहेर फेकले जाताय, तर यंत्र बिघडलेलं नाही, दुसरं बटण दाबा. निन्टेंडो आणि एक्सबॉक्सची ए-बी बटणं उलटसुलट आहेत हेही असंच डोक्यात ठेवावं लागतं.

आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या, गेमचं वेगळं. हॅम्स्टर कंपनीची 'आर्केड आर्काइव्हज' ही मालिका २०१४ पासून चालू आहे आणि तिच्यात जुने आर्केड गेम एकेक करून येत राहतात. नवखा माणूस गेम सुरू करतो आणि 'इन्सर्ट कॉइन'च्या पडद्यावर अडकतो. स्टार्ट दाबून काही होत नाही, कारण नाणंच टाकलेलं नाही! नाणं टाकायला एक वेगळं बटण दिलेलं असतं. सेटिंगमध्ये बघून घ्या. तिथेच मूळ यंत्राच्या आतले स्विचही असतात : जीव किती, काठिण्य किती. आर्केडमालक जे बदलायचा ते आता तुमच्या हातात.

पायरी ७ : जपानी येत नाही, मग?

येत नसली तरी पुष्कळ काही खेळता येतं. शूटिंग, मारामारी, उड्या, कोडी, शर्यती यांना भाषा जवळजवळ लागत नाही. संवादांवर चालणारे रोलप्लेइंग गेम मात्र पहिल्या फटक्यात घेऊ नका. त्यांतले बरेच आता अधिकृत भाषांतरासह आलेत. 'रोमान्सिंग सागा ३' १९९५चा, इंग्रजीत आला २०१९ साली. 'मून' १९९७चा, इंग्रजीत आला २०२० साली.

थोडी लिपी शिकायची तयारी असेल, तर मराठी वाचकाला एक आयती सवलत आहे. जपानी मुळाक्षरांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा जातो. ओळखीचा वाटला? बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम या भारतीय लिपीचा अभ्यास जपानमध्ये गेला आणि तिथली अक्षरं आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर लावली गेली. 'सा'च्या जागी च आणि 'हा'च्या जागी प ठेवा ('ह' मुळात 'प' होता असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात), की क, च, त, न, प, म, य, र, व असा आपला पाढा तयार. इंग्रजीभाषक माणूस जे घोकतो, ते आपल्याला पहिलीतच पाठ झालेलं असतं. फक्त आकृत्या नव्या.

दोन लिप्यांपैकी कताकाना आधी शिका. परक्या शब्दांसाठी ती वापरतात, त्यामुळे मेनूत 'सेएबु' वाचलं की ते सेव्ह, 'रोओदो' म्हणजे लोड, 'ओपुशोन' म्हणजे ऑप्शन. दुसऱ्या लिपीत, हिरागानात, हे शब्द पुरतात : 'हाजिमे कारा' म्हणजे सुरुवातीपासून, 'त्सुझुकि कारा' म्हणजे थांबलो तिथून पुढे, 'हाइ' म्हणजे हो, 'इइए' म्हणजे नाही. लढाईत 'ताताकाउ' म्हणजे लढ, 'निगेरु' म्हणजे पळ, 'दोउगु' म्हणजे सामान. पहिल्या दोन शब्दांत गफलत करू नका. 'हाजिमे कारा' निवडून जुन्या सेव्हवर पाणी सोडणारे मी पाहिलेत.

जुन्या गेममध्ये कांजी चित्राक्षरं फारशी नसतात, कारण कार्ट्रिजमध्ये जागाच नव्हती. १९८६चा पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' ६४ किलोबाइटमध्ये बसवायचा म्हणून कताकानातली फक्त २० अक्षरं ठेवली आणि राक्षसांची, जादूंची नावं तेवढ्यांतच जुळवली. पुढच्या काळातल्या गेममध्ये कांजी वाढतात. तिथे फोनचा कॅमेरा पडद्यावर धरून भाषांतर करणारं अ‍ॅप कामी येतं. ठिपक्यांची अक्षरं त्याला नीट वाचता येत नाहीत, तेव्हा फोटो काढण्याआधी रेषांचा फिल्टर बंद करा.

पायरी ८ : सेव्ह आणि मागे फिरणं

बहुतेक नव्या आवृत्त्यांत कुठल्याही क्षणी गेम गोठवून ठेवता येतो, आणि काहींत काही सेकंद मागेही नेता येतो. लाजू नका. जुन्या काळी 'ड्रॅगन क्वेस्ट २' बंद करताना ५२ अक्षरांपर्यंतचा मंत्र कागदावर उतरवावा लागायचा. एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. त्या शिस्तीची आठवण गोड वाटते ती आता करावी लागत नाही म्हणूनच.

दोन सूचना. गेमच्या आतलं स्वतःचं सेव्ह असेल तर तेही अधूनमधून करत राहा, कारण गोठवलेला क्षण चुकीच्या जागी पुसला जाणं फार सोपं आहे. आणि जपानी आवृत्तीत गोठवलेला क्षण अमेरिकी आवृत्तीत उघडत नाही. पहिल्याच दिवशी एक आवृत्ती ठरवा आणि तीच धरा.

घ्यायचं तर आज की उद्या?

डिजिटल दुकानं कायमची नसतात. निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलची दुकानं २७ मार्च २०२३ रोजी खरेदीसाठी बंद झाली आणि तिथे मिळणारे शेकडो जुने गेम विकत घेण्याची वाट संपली. १९९०चा पहिला 'फायर एम्ब्लेम' डिसेंबर २०२०मध्ये पहिल्यांदा इंग्रजीत आला आणि ३१ मार्च २०२१ला विक्रीतून काढला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत, २०१०च्या आधी तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात उपलब्धच नसल्याचं आढळलं. घाईघाईने पन्नास गेमचा साठा करा असं मी म्हणत नाही. मनात असलेला एखादा गेम मुदतीच्या विक्रीत दिसला, तर तो पुढच्या वर्षावर ढकलू नका एवढंच.

खेळायला बसण्याआधी संग्रहाच्या मेनूत मूळ माहितीपुस्तिका आहे का ते शोधा. तेव्हाचे गेम पडद्यावर काही शिकवत नसत, सगळं पुस्तिकेत असायचं. फक्त तीसुद्धा कुठल्या देशाची आहे ते बघा. पहिल्या 'झेल्डा'त लांब कानांचा पोल्स व्हॉइस नावाचा शत्रू आहे. अमेरिकी पुस्तिका सांगते की त्याला मोठा आवाज सहन होत नाही. लोकांनी गेममधली बासरी वाजवून पाहिली, बाँब फोडून पाहिले, त्याला ढिम्म फरक पडला नाही. ती ओळ जपानी पुस्तिकेतून आलेली होती, आणि जपानी फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरला मायक्रोफोन होता. त्यात ओरडलं की हा शत्रू मरायचा. अमेरिकी कंट्रोलरला मायक्रोफोन नव्हताच. तुम्ही ती आवृत्ती खेळत असाल तर ओरडू नका, धनुष्य काढा. एका बाणात काम होतं.